पिल्ले एकमेकांना का टोचतात?

मुलांनो, कोंबडीची पिल्ले तुम्ही पाहिली असतीलच. कोणाच्या परसात खुराडे असेल. कोणी बाजारातून एका दिवसाची पिल्ले आणून खोक्यात ठेवली असतील. कापसाच्या बोळ्यांसारखी ही पिल्ले दिवसभर चिवचिव करत हिंडतात. त्यांच्याकडे पाहून वाटते, यांचे आपसात कधी भांडण होत नसेल.

पण एक दिवस वेगळेच दिसते. एक पिल्लू कोपऱ्यात अंग चोरून उभे असते. त्याच्या पाठीवरची पिसे गेलेली असतात. बाकीची पिल्ले येता-जाता त्याला चोच मारतात. ते खायला पुढे आले, की त्याला हाकलून देतात. लवकर इलाज केला नाही, तर असे पिल्लू मरतेसुद्धा. म्हणून पिल्ले पाळणाऱ्याला टोचण्याचे कारण ओळखता आले पाहिजे.

पिल्लाला हात नसतात. चोच हाच त्याचा हात. दाणा, खडा, किडा, चमकणारी वस्तू, जे दिसेल त्याला ते चोच मारून पाहते. थोडी मोठी झाल्यावर दोन पिल्ले समोरासमोर उभी राहतात, माना उंच करतात आणि एक-दोन चोची मारतात. मग एक बाजूला होते. हे भांडण साधे आहे. त्यात आपण पडू नये.

नॉर्वे देशात थोरलाईफ शेल्डरुप-एब्बे नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांना लहानपणापासून कोंबड्या पाहण्याचा छंद होता. कोणती कोंबडी कोणाला टोचते, हे ते बारकाईने पाहत. कळपात प्रत्येक कोंबडीची एक पायरी ठरलेली असते, असे त्यांना आढळले. वरच्या पायरीची कोंबडी खालचीला टोचते. खालची तिला उलट टोचत नाही. १९२१ च्या सुमारास त्यांनी हे जगासमोर मांडले. एकदा पायरी ठरली, की भांडणे कमी होतात. कळपात शांतता राहते.

मग धोका केव्हा समजावा? एकाच पिल्लामागे सगळी लागली, त्याची पिसे उपटली जाऊ लागली किंवा रक्त दिसले, तर समजावे की काहीतरी बिघडले आहे. ते बहुधा पिल्लांत नसते, त्यांच्या खोक्यात असते. परसात आई कोंबडी असते. ती पिल्लांना पंखांखाली ऊब देते, माती उकरायला शिकवते, दिवसभर कामात ठेवते. खोक्यातल्या पिल्लांना आई नसते. तिचे काम आपल्याला करावे लागते.

प्रथम जागा पाहा. चार आठवड्यांपर्यंत एका पिल्लाला साधारण अर्धा चौरस फूट जागा लागते. म्हणजे दहा पिल्लांना अडीच फूट लांब आणि दोन फूट रुंद खोके हवे. त्यानंतर जागा दुप्पट करावी. जाड पुठ्ठा गोल वाकवून कुंपण केले, तर आणखी चांगले. गोल कुंपणाला कोपरा नसतो, म्हणून दुबळे पिल्लू कोपऱ्यात सापडत नाही.

नंतर ऊब पाहा. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे. पुढे दर आठवड्याला ते तीन अंशांनी कमी करावे. तापमापक नसला, तरी पिल्लेच तुम्हाला सांगतील. ती बल्बखाली एकमेकांवर चढून बसली, तर त्यांना थंडी वाजते आहे. बल्बपासून दूर जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली, तर उकडते आहे. उकाड्याने पिल्ले चिडतात आणि टोचू लागतात. फार प्रखर उजेडानेही असेच होते. म्हणून शक्य असल्यास लाल रंगाचा ऊब देणारा बल्ब लावावा. त्याच्या लाल उजेडात रक्ताचा डाग ठळक दिसत नाही. एलईडी दिव्याची ऊब मात्र पुरत नाही.

मग खुराक पाहा. नुसत्या तांदळाच्या कण्यांनी पिल्लांचे भागत नाही. त्यांच्या खाद्यात शंभर ग्रॅममागे सुमारे वीस ग्रॅम प्रथिने हवीत. दुकानात मिळणाऱ्या पिल्लांच्या खाद्यात ती असतात. प्रथिने कमी पडली, की पिल्ले एकमेकांची पिसे खाऊ लागतात. खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन ठेवावीत. एका भांड्यावर दांडगे पिल्लू उभे राहिले, तर दुबळ्याला दुसरे मिळते.

पिल्लांना कामही हवे. खाली भाताचे तूस पसरावे, म्हणजे ती उकरत बसतात. पिल्ले आठवड्याभराची झाली, की मेथीची किंवा पालकाची छोटी जुडी त्यांच्या चोचीच्या उंचीवर दोरीने टांगावी. मग त्यांची चोच भाजीत गुंतते, भावाच्या पाठीत नाही. हिरवा पाला देत असाल, तर बारीक वाळूही ठेवावी. तिच्यामुळे पाला पचतो.

रक्त दिसले, तर मात्र वाट पाहू नका. लाल रंग दिसला, की सगळी पिल्ले तिथेच चोच मारतात. जखमी पिल्लाला लगेच बाहेर काढा. कोमट पाण्याने जखम पुसा आणि अम्मीकडून हळद मागून लावा. जखम खोल असेल, तर जनावरांच्या दवाखान्यात न्या. त्याला एकटे दुसऱ्या खोलीत ठेवू नका. त्याच खोक्यात मध्ये जाळी लावा आणि जाळीपलीकडे त्याला ऊब, पाणी व खाद्य द्या. दूर ठेवलेले पिल्लू परत आले, की बाकीच्यांना ते परके वाटते आणि मार पुन्हा सुरू होतो. जखम पूर्ण भरल्यावर संध्याकाळी, उजेड कमी असताना, त्याला सोडा. पहिला तासभर लक्ष ठेवा.

कधी एकच पिल्लू सर्वांना छळते. तेव्हा त्यालाच दोन-तीन दिवस जाळीपलीकडे ठेवावे. तोवर बाकीच्यांच्या पायऱ्या नव्याने ठरतात. ते परत आल्यावर बहुधा नरमलेले असते. त्याला काठीने मारू नये. त्याला शिक्षा कळत नाही. भीती मात्र कळते, आणि घाबरलेले पिल्लू आणखी टोचते.

पिल्ले बोलत नाहीत. म्हणून सकाळी शाळेत येण्यापूर्वी आणि संध्याकाळी दिवा लावताना पाच मिनिटे त्यांच्याजवळ बसा. सगळी खातात का? एखादे मागे राहते का? कोणाची पिसे गेली आहेत का? ज्याची नजर रोज खोक्यावर असते, त्याची पिल्ले वाचतात.

स्वाध्याय

१. साधे भांडण आणि धोक्याचे भांडण यांत फरक काय?
२. जखमी पिल्लाला दुसऱ्या खोलीत का ठेवू नये?
३. वीस पिल्लांना पहिल्या चार आठवड्यांत किती जागा लागेल?
४. वाक्यात उपयोग करा : अंग चोरणे, धापा टाकणे, नरमणे.
५. वर्गात एकाच मुलाला सगळे चिडवत असतील, तर तुम्ही काय कराल? पाच ओळी लिहा.