रात्री बाबांना दवाखान्यात कोण नेणार?

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत आईबाबांबरोबर राहते आणि एका पतसंस्थेत काम करते. बाबा ७१ वर्षांचे, त्यांना दम्याचा जुना त्रास आहे. आई ६१ ची, ती ठणठणीत आहे. ताई लग्न होऊन डोंबिवलीला असते. मला पुण्यात नोकरी मिळते आहे, पगार आताच्या दुपटीहून जास्त. पण आत्या आणि वाडीतली सगळी म्हणतात, ‘आमच्या वेळी म्हाताऱ्या आईबापांना टाकून कुणी जात नव्हतं.’ खरंच पूर्वी कुणी जात नव्हतं का? आणि ताई गेली तेव्हा हा प्रश्न कुणीच का विचारला नाही?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : जात होते. आणि रत्नागिरी जिल्ह्यातून जितके गेले तितके महाराष्ट्राच्या फार थोड्या भागांतून गेले असतील.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात निघाली. पुढची सव्वाशे वर्षं गिरण्यांत, गोदीत, लोकांच्या घरी स्वयंपाकपाण्याला ज्या भागांतून सर्वाधिक माणसं गेली, त्यांत रत्नागिरी जिल्हा आघाडीवर होता. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही त्याच जिल्ह्यात होता, तो १९८१ मध्ये वेगळा झाला. जाण्याचं कारण तुम्हाला घराबाहेर पाऊल टाकलं की दिसेल. उताराची, खडकाळ जमीन. पावसावरचं भाताचं एकच पीक, वरकस जमिनीत थोडी नाचणी आणि वरी. त्यातून खोताचं देणं द्यायचं आणि उरलेल्यात भावाभावांचे वाटे. घरचं भात वर्षभर पुरायचं नाही, आणि मीठ, कापड, लग्नकार्य यांना रोख पैसा लागायचाच. म्हणून एक मुलगा मुंबईला जायचा. घर टिकावं म्हणूनच त्याला पाठवलं जायचं, आणि पाठवणारे बहुतेक वेळा आईवडीलच असायचे.

तो तिथे गावकऱ्यांच्या खोलीत राहायचा. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे रात्रपाळीचा घरी आला की दिवसपाळीच्याची वळकटी गुंडाळलेली असायची. खानावळीत जेवायचं, महिन्याला मनीऑर्डर करायची, शिमग्याला किंवा गणपतीला गावी यायचं. जैतापूर, विजयदुर्ग, मालवण या बंदरांना मुंबईहून बोटी लागायच्या, पण पावसाळ्यात त्या बंद असत. ऐन आषाढात बापानं अंथरूण धरलं तर मुलगा पोचेलच याची खात्री नसायची. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ ला. आणि पुण्याहून तर रात्रीच्या बसनं निघून तुम्ही सकाळी घरी असाल. तुमच्या पणजोबांच्या पिढीला हे स्वप्नातही शक्य नव्हतं.

तरीही आत्याच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती मला सोडून द्यायची नाही. मुलगा जायचा, पण म्हातारी माणसं एकटी पडत नसत. का पडत नसत? त्याचं उत्तर जनगणनेत आहे. २०११ मध्ये महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात तोच आकडा ११२२ होता आणि सिंधुदुर्गात १०३६. पुरुष बाहेर गेले, बायका राहिल्या. मुंबईला गेलेल्या मुलाची बायको गावी असायची. भाजावळीसाठी कवळं तोडायची, भात लावायची, गुरं बघायची, पोरं वाढवायची आणि सासूसासऱ्यांचं शेवटपर्यंत करायची. सासऱ्यांना रात्री दम लागला तर उठून पाणी गरम करणारी तीच, पहाटे वैद्याकडे माणूस धाडणारीही तीच. मनीऑर्डर मुलाच्या नावानं यायची, त्यामुळे आईवडिलांना सांभाळल्याचं नाव त्याचं व्हायचं. सांभाळायची ती, आणि तिलाही कुणीतरी सोडून गेलेलं असायचं. तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता तीही जाते, आणि जावंच. नवऱ्याबरोबर विरार-डोंबिवलीला जाते, मुलांच्या शाळेसाठी जाते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. शिवाय घरात पाच भावंडं नाहीत, दोन आहेत. एकानं जायचं, एकानं राहायचं ही वाटणी त्यामुळे मोडली. ‘आमच्या वेळी’ जे चालायचं ते ज्या बाईच्या खांद्यावर चालायचं, ती आता त्या घरात नाही. आत्याला आणि वाडीला तिची उणीव जाणवते आणि ते बोट तुमच्याकडे दाखवतात.

ताईच्या लग्नाबद्दलचा तुमचा प्रश्न तर मला फार मोलाचा वाटतो. २०२०-२१ च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणात स्थलांतराची कारणं विचारली होती. गाव बदललेल्या बायकांपैकी ८६.८ टक्के लग्नामुळे गेल्या होत्या. आईबापांना सोडून जाणाऱ्यांत या देशात सर्वात जास्त मुलीच आहेत, आणि त्यांना आपण वाजतगाजत पाठवतो. मागे आईबापांचं कोण बघणार हे तेव्हा कुणी विचारत नाही, कारण ते काम सुनेचं असं आधीच गृहीत धरलेलं असतं. तुमच्या घरी मुलगा नाही म्हणून सून नाही. म्हणून ते काम न विचारता तुमच्याकडे आलं.

कायदा असं धरत नाही. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्येच सांगितलं की मुलगी स्वतः कमावती असेल तर, विवाहित असली तरी, आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी तिच्यावरही येते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी दोघांची जबाबदारी सारखी आहे, आणि निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार येतात. मुलांनी आईवडिलांबरोबर एकाच छपराखाली राहावं असं मात्र त्यात कुठेही नाही. तेव्हा ताई या प्रश्नाच्या बाहेर नाही. तीही आत आहे, लग्नाआधी होती तेवढीच.

आता तुम्ही जावं का? तुमच्या पत्रात आत्या बोलते, वाडी बोलते. आईबाबा कुठेच बोलत नाहीत. त्यांना विचारलंत का? ‘मी जाऊ का?’ असं विचारलंत तर ‘जा गो, आमचं काय!’ हेच उत्तर येईल आणि त्यातून काहीच कळणार नाही. नेमकं विचारा. रात्री दोनला बाबांचा दम वाढला तर आई कोणाचं दार वाजवेल? गाडी कोणाची? जायचं राजापूरला की थेट रत्नागिरीला? औषधं संपत आली हे कोणाच्या लक्षात येईल? पेन्शन किंवा व्याजाचे पैसे बँकेतून कोण काढतं, मोबाईलवर आलेला आकडा कोण वाचून सांगतं? यातली बरीच कामं आज तुम्ही करता, आणि ती कामं आहेत हे घरात कोणाच्या ध्यानातही नसेल. एक-दोन आठवडे लिहून काढा.

मग त्या यादीतली कामं वाटा. काही पैशानं होतील. बाबा सत्तरीपुढचे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचा रुग्णालयातला उपचार मिळतो. कार्ड काढलं नसेल तर ते आधी काढा आणि रत्नागिरी-कोल्हापुरातली कोणती रुग्णालयं त्या योजनेत आहेत ते शोधून ठेवा. वाडीतली एखादी बाई रोज सकाळी तासभर येऊ शकत असेल तर तिला ठरवून, वेळेवर, चांगला पगार द्या. शेजारधर्मावर सगळं सोडू नका. हेच काम वर्षानुवर्षं घरच्या बायकांनी फुकट केलं, ते आता दुसऱ्या बाईकडून फुकट करून घेणं बरोबर नाही. बँकेची आणि फोनवरची कामं पुण्यातून होतात. तपासणीला नेण्याचं काम ताई आणि तुम्ही आलटून पालटून करू शकता. डोंबिवलीहून यायला तिला रेल्वे आहे.

बाबांना रोज कोणीतरी हाताला धरून उठवावं लागत असतं, किंवा आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला न्यावं लागत असतं, तर मी तुम्हाला थांबा म्हटलं असतं, निदान दुसरी सोय होईपर्यंत. तुमच्या पत्रावरून तशी वेळ दिसत नाही.

उलट मला काळजी आहे ती तुमच्या आईची, आणि तिच्याबद्दल पत्रात एकच शब्द आहे. ती ६१ ची आहे. ती आणखी वीस-पंचवीस वर्षं जगेल असं धरून चला. आज तुम्ही बाबांसाठी राहायचं की नाही याचा विचार करता आहात, पण लांबचा काळ आईचा आहे, आणि तो बहुधा एकटीचा. तेव्हा तुम्ही चाळिशीत असाल. त्या वेळी तिला ठेवण्याजोगं घर, उपचाराचे पैसे, रजा मागता येईल अशी नोकरी तुमच्याकडे असेल का, हे पुढच्या दहा वर्षांत ठरणार आहे. आताच्या दुपटीहून जास्त पगार तुमच्या चैनीसाठी आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना हे सांगा. म्हणून माझं मत जा असं आहे.

दोघांना लगेच पुण्याला न्यायचा विचार मनात आला असेल तर आता नको. अंगण, आगर, घरचा गणपती, उठल्याबसल्या हाक मारायला माणूस, हे सोडून दुसऱ्या मजल्यावर दिवसभर दार लावून बसणं बाबांच्या वयात फार कठीण जातं. महिनाभर राहून बघायला जरूर बोलवा, शक्यतो पावसाळ्यात, म्हणजे पावसातला रस्ता आणि वीज जाण्याची धास्ती थोडी टळेल.

आणखी एक चौकशी करा. त्याच कंपनीचं किंवा तशाच कामाचं कोल्हापुरात काही आहे का? अणुस्कुरा घाटानं राजापूर-कोल्हापूर हे पुण्यापेक्षा पुष्कळ जवळ पडतं, आणि तुमच्याकडची माणसं मोठ्या उपचाराला नाहीतरी कोल्हापूरला जातातच. पगार थोडा कमी असला तरी ते अंतर तोलून बघण्यासारखं आहे. नसेल तर पुणं.

रुजू होण्यासाठी महिनाभराची मुदत मागा, बऱ्याच ठिकाणी मिळते. त्या महिन्यात कार्ड, बँकेतल्या खात्यांवरचं वारसाचं नाव, डॉक्टरांचा आणि गाडीवाल्याचा नंबर आईच्या फोनमध्ये आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत, आणि सकाळी येणारी बाई, एवढं मार्गी लावा. आत्याला उत्तर नंतर द्या. पहिला फोन ताईला करा, आणि मदत कर असं म्हणू नका. तुझ्या वाट्याला कोणती कामं येतील ते आपण ठरवू या, असं म्हणा.