देहनगरीवरील स्वारी

मनुष्याचे शरीर बाहेरून एकसंध दिसत असले, तरी सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिल्यास ते असंख्य पेशींचे बनलेले आढळते. मोठ्या नगरात कोणी धान्य आणतो, कोणी पाणी पुरवतो, कोणी रस्ते झाडतो, तर कोणी वेशीवर पहारा देतो. या देहनगरीतही प्रत्येक पेशीस असेच आपापले काम वाटून दिलेले असते. ही कामे सुरळीत चालू असतात, तोवर त्यांची जाणीवही आपणांस नसते. ती बिघडली म्हणजे मात्र एका श्वासाचे मोल किती असते, हे कळून येते. इ. स. २०१९ च्या अखेरीस चीनमधील वूहान शहरात उद्भवलेल्या आणि पुढे अवघ्या जगात पसरलेल्या कोविड रोगाने हा धडा मनुष्यजातीस फार मोठी किंमत घेऊन शिकवला. या रोगाने सत्तर लाखांहून अधिक माणसे मरण पावल्याची नोंद आहे.

हा रोग ज्या विषाणूमुळे होतो, त्याच्या कुळास ‘कोरोना’ असे नाव आहे. लॅटिन भाषेत कोरोना म्हणजे मुकुट. या कुळातील विषाणूंच्या पृष्ठभागावर चोहोबाजूंनी काटे असल्याने ते मुकुट घातल्यासारखे दिसतात. विद्यापीठात जाण्याची ऐपत नसल्यामुळे सोळाव्या वर्षी शाळा सोडून प्रयोगशाळेत नोकरी धरलेल्या जून आल्मेडा या स्कॉटिश विदुषीने, इ. स. १९६० नंतरच्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने मानवास सर्दी आणणाऱ्या अशा विषाणूची चित्रे लंडन येथे घेतली. ‘कोरोना’ हे नाव इ. स. १९६८ मध्ये रूढ झाले. इ. स. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी भारतातील रुग्णाच्या नमुन्यात तशाच किरीटधारी कणांचे चित्र टिपले.

या विषाणूचा आकार अतिशय लहान असतो. असे सुमारे दहा हजार कण एका ओळीत मांडले, तर ती ओळ जेमतेम एक मिलिमीटर लांबीची होईल. त्याची रचनाही साधी आहे. बाहेर स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण, त्यावर प्रथिनांचे काटे आणि आत आर.एन.ए. या द्रव्याचा एक धागा, एवढाच काय तो त्याचा संसार. मानवी पेशीतील आनुवंशिक लेख सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा असतो, तर या धाग्यावरील लेख अवघ्या तीस हजार अक्षरांचा आहे. विषाणू अन्न खात नाही, श्वास घेत नाही आणि स्वतःच्या बळावर वाढूही शकत नाही. साबणाने त्याचे स्निग्ध आवरण विरघळते आणि तो निष्प्रभ होतो. असा हा पराधीन कण एकदा पेशीत शिरला, की तिचाच स्वामी होऊन बसतो.

त्याचा प्रवेश कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. आपल्या कित्येक पेशींच्या पृष्ठभागावर ‘एसीई-२’ नावाचे प्रथिन असते. रक्तदाबाचा समतोल राखण्यास साहाय्य करणे, हे त्याचे मूळ काम. परंतु कुलुपात किल्ली बसावी त्याप्रमाणे विषाणूचा काटा या प्रथिनात नेमका बसतो. मग पेशीचेच दुसरे एक प्रथिन त्या काट्यास छेद देते. विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळून जाते आणि आर.एन.ए.चा धागा आत उतरतो. प्रथिने तयार करणारे पेशीतील कारखाने आलेला हुकूम कोणाचा आहे, याची चौकशी करीत नाहीत. लेखात जे लिहिले असेल, ते घडवीत जाणे एवढेच त्यांस ठाऊक. ते विषाणूची प्रथिने बनवू लागतात, धाग्याच्या प्रतींवर प्रती निघतात आणि नवे विषाणू बाहेर पडून शेजारच्या पेशींकडे वळतात. दमलेली मूळ पेशी बहुधा नाश पावते.

या स्वारीचा पहिला मुक्काम नाकात आणि घशात पडतो. तेथील पेशींवर बारीक केसांसारखे तंतू असतात व ते धूळ आणि जंतू बाहेर लोटत असतात. या पेशी नष्ट झाल्या, की वेशीवरचा पहाराच ढिला पडतो. कित्येक रुग्णांचा वास घेण्याचा गुण एकाएकी नाहीसा झाला, त्याचेही कारण येथेच सापडते. गंध ओळखणाऱ्या चेतापेशींपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या पेशींवर विषाणूचा घाला प्रामुख्याने पडतो. आधार तुटल्यामुळे चेतापेशी निकामी होतात आणि आधारपेशी पुन्हा निर्माण झाल्यावर बहुतेकांस वास येऊ लागतो.

बहुतेक रुग्णांमध्ये रोग येथेच आवरला जातो. परंतु काहींच्या बाबतीत विषाणू खाली फुप्फुसात उतरतो. फुप्फुसांत सुमारे अठ्ठेचाळीस कोटी सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या अतिशय पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात मिसळतो. हे वायुकोश मिटून जाऊ नयेत, म्हणून काही पेशी एक निसरडा द्रव पाझरत असतात. विषाणू नेमक्या याच पेशींवर आघात करतो. वायुकोश मिटू लागतात, काहींत पाणी भरते आणि हवा आत जाऊनही प्राणवायू रक्तापर्यंत पोहोचत नाही. कित्येकदा रुग्णास धाप लागण्यापूर्वीच रक्तातील प्राणवायू घटलेला असतो. म्हणूनच बोटास लावून प्राणवायू मोजणारे लहानसे यंत्र त्या काळी घरोघरी दिसू लागले.

शरीर अर्थातच स्वस्थ बसत नाही. बाधित पेशी धोक्याची सूचना देणारी रसायने सोडतात, ताप चढतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. हा प्रतिकार बेताचा असेल, तर रोग हटतो. परंतु कधी कधी विषाणू ओसरू लागला तरी रक्षकांचा आवेश ओसरत नाही. शत्रूच्या शोधात निघालेले सैन्य आपल्याच नगराची घरे पाडू लागावे, तशी स्थिती होते. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास इजा पोहोचते आणि रक्ताच्या गुठळ्या बनतात. हृदय, मूत्रपिंडे व मेंदू यांच्या कार्यात बिघाड होतो. छातीतील आजार सर्वांगाचा होतो, तो असा. ज्यांस मधुमेह, हृदयविकार किंवा वार्धक्य यांनी आधीच गाठलेले असते, त्यांस हा धोका अधिक असतो.

ही गोष्ट ध्यानात आल्यामुळेच एक महत्त्वाचा उपचार सापडला. डेक्सामेथासोन हे प्रतिकाराचा आवेश शमवणारे एक जुने व स्वस्त औषध आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या देखरेखीखाली त्याची पद्धतशीर परीक्षा झाली व तिचा निष्कर्ष जून २०२० मध्ये जाहीर झाला. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या शंभर रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारांत सुमारे एक्केचाळीस दगावत. हे औषध दिलेल्यांत ती संख्या एकोणतीसपर्यंत उतरली. ज्यांस प्राणवायू देण्याची गरजच नव्हती, त्यांस मात्र याचा लाभ झाला नाही. आपले रक्षक शत्रूशी झुंजत असताना त्यांचे हात बांधणे योग्य नव्हे, हे उघडच आहे. इ. स. २०२१ मध्ये महाराष्ट्रात व इतरत्र मधुमेही रुग्णांमध्ये काळ्या बुरशीचा जो भयंकर रोग उद्भवला, त्यास अशा औषधांचा अवाजवी वापर हेही एक कारण ठरले. औषध तेच, परंतु वेळ आणि मात्रा चुकली, की तेच घातक होते.

रोगातून उठलेल्या मनुष्याच्या शरीरात या स्वारीची आठवण राहते. काही पेशी विषाणूचे काटे ओळखून ठेवतात आणि तो पुन्हा आल्यास त्वरित प्रतिकार सुरू करतात. लस हेच काम प्रत्यक्ष रोग न होऊ देता करते. शत्रूची खूण रक्षकांना आधीच दाखवून ठेवावी, तसे ते आहे. भारतात ही लस देण्यास १६ जानेवारी २०२१ रोजी प्रारंभ झाला. विषाणू आपले रूप बदलत असल्यामुळे लस घेतलेल्यासही कधी संसर्ग होतो. परंतु गंभीर आजार व मृत्यू यांपासून तिने असंख्य लोकांस वाचवले.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र मनुष्यवस्तीतून गेलेला नाही आणि काही रुग्णांचा थकवा व धाप महिनोन् महिने टिकून राहते. खोकताना तोंड झाकणे, हात धुणे, आजारी असता गर्दीत न जाणे आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून औषध न घेणे, या गोष्टी दिसण्यात क्षुल्लक आहेत. परंतु एकाच्या श्वासातून निघालेला कण दुसऱ्याच्या घरातील वृद्ध आजोबांपर्यंत पोहोचू शकतो, हे ज्यास समजले, तो त्यांस क्षुल्लक मानणार नाही. देहनगरीतील प्रत्येक पेशीच्या कामावर जसे साऱ्या शरीराचे आरोग्य अवलंबून असते, तसेच समाजाचे आरोग्य प्रत्येक नागरिकाच्या वागणुकीवर अवलंबून असते.

स्वाध्याय

१. विषाणूस ‘पराधीन कण’ असे का म्हटले आहे?
२. रुग्णांचा वास घेण्याचा गुण कशामुळे नाहीसा होतो?
३. ‘औषध तेच, परंतु वेळ आणि मात्रा चुकली, की तेच घातक होते.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. शरीरास नगराची उपमा देताना लेखकाने कोणकोणती साम्ये दाखवली आहेत, ते आपल्या शब्दांत लिहा.