रंग फासलेला पुतळा संग्रहालयात कशासाठी?

प्रश्न : इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संग्रहालयात आंदोलकांनी रंग फासलेला पुतळा तसाच ठेवला आहे, असे वाचले. तो धुऊन स्वच्छ का केला नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पुतळा एडवर्ड कोल्स्टनचा. सतराव्या शतकातला हा व्यापारी रॉयल आफ्रिकन कंपनीत वरच्या पदावर होता. त्याच्या काळात कंपनीने सुमारे ८४ हजार आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेले. त्यातली सुमारे १९ हजार वाटेतच मेली. १८९५ मध्ये ब्रिस्टलने त्याचा पुतळा उभारला तो दानशूर म्हणून. पाटीवर त्याच्या सद्गुणांचे कौतुक होते, गुलामांबद्दल अवाक्षर नव्हते. खरा इतिहास सांगणारी दुसरी पाटी लावायचे ठरले, तर तिच्या मजकुरावरूनच वाद पेटला आणि ती कधी लागलीच नाही. लोकांच्या रागाकडे पाहताना हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेत पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची हत्या झाली आणि तिच्या निषेधार्थ ७ जून २०२० रोजी ब्रिस्टलमध्ये निघालेल्या मोर्चाने दोर बांधून कोल्स्टनला खाली ओढले. अंगावर निळा, तोंडावर आणि हातांवर लाल रंग चढला. मग लोकांनी तो घरंगळत नेऊन बंदरात ढकलला. चार दिवसांनी महापालिकेने तो पाण्यातून काढला.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. संवर्धकांनी गाळ धुतला. रंग मात्र सुटू नये म्हणून जपला. तो खरवडला असता तर पुतळ्यावर १८९५ सालचे शहर उरले असते, २०२० सालचे पुसले गेले असते. संग्रहालयाने दोन्हींचा पुरावा सांभाळायचा असतो, आणि ब्रिस्टलने तो सांभाळला हे मला फार मोलाचे वाटते.

पुढच्या वर्षी ‘एम शेड’ या शहर संग्रहालयात पुतळा आडवाच मांडला, सोबत मोर्चातले फलक. पुतळ्याचे पुढे काय करावे यावर लोकांची मते मागवली तेव्हा सुमारे १४ हजार उत्तरे आली. त्यांतल्या ब्रिस्टलकरांपैकी पाचातल्या चौघांनी तो संग्रहालयात ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. मार्च २०२४ पासून तो तिथे कायमचा आहे.

तुमचे कोणी तिकडे असतील तर त्यांना जरूर पाहून यायला सांगा. प्रवेशाला तिकीट नाही.