शटरचा रिसीव्हर माझ्या विंचला

‘‘साहेब, बटण दाबून धरायची कटकटच नाही. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद.’’ विंचचा वायरलेस रिमोट बसवून घेताना हे वाक्य कानावर आलं, तर गाडीची किल्ली मागून घ्या आणि दुकानातून बाहेर पडा. मी तिथल्या तिथे विचारलं होतं, की बोट उचललं तर थांबायला नको का? त्यावर, ‘‘हे नवीन मॉडेल आहे, यात तशी सोयच दिलीय.’’ समोरचा माणूस वर्षानुवर्षं गाड्यांना विंच बसवतोय, त्याच्या भिंतीवर चिखलातल्या जीपांचे फोटो आहेत. त्याच्यापुढे माझा प्रश्न अडाण्याचा ठरला.

तो अडाण्याचा नव्हता, हे ताम्हिणीच्या अलीकडे एका ओढ्याकाठी कळलं. मित्राची जिप्सी चिखलातून बाहेर आली होती. ताण संपला होता आणि सगळे निवांत झाले होते. राहिलं होतं ते रोप गुंडाळायचं काम. आमच्या गटातला एक मुलगा हातमोजे घालून रोप ड्रमवर नीट बसवत पुढे येत होता, मी दाराशी रिमोट घेऊन. हुक हातभर राहिला तेव्हा तो ‘‘बास’’ म्हणाला. मी दाबलं. ड्रम फिरतोय. परत दाबलं. फिरतोय. तिसऱ्यांदा थांबला, पण माझा अंगठा तोवर चौथ्यांदा खाली गेला होता, आणि ड्रम पुन्हा सुरू. मुलाचा मोजा हुकात अडकून, रोप जिथून ड्रमकडे आत जातं त्या फेअरलीडच्या फटीत गेला. मोजा ढगळ होता म्हणून हात निसटला. हुक फेअरलीडवर आदळला, मोटर गुरगुरली आणि पुढच्या कुठल्यातरी दाबण्यात एकदाची गप्प झाली. तो मुलगा आपल्या पाचही बोटांकडे आळीपाळीनं पाहत होता, आणि ओढ्याचा आवाज सोडला तर कुणी काही बोलत नव्हतं.

दुकानदाराचं उत्तर ऐका. ‘‘तुम्ही घाबरून सारखं बटण दाबलंत, त्याला आम्ही काय करणार?’’ मग, ‘‘गाडी पाण्यात घातली होती का?’’ विंच बसवलेली गाडी लोक बहुधा सोसायटीच्या पार्किंगमध्ये शोभेला ठेवत असावेत. शेवटी ठेवणीतलं, ‘‘बाकी कुणाची तक्रार नाही.’’

आमच्या गल्लीत दुकानांची शटरं बसवणारा एक माणूस आहे. त्याला रिसीव्हरची डबी उघडून दाखवली. तो हसलाच. ‘‘हा आमचाच माल.’’ रोलिंग शटरला बटण दाबून धरावं लागत नाही. एकदा इशारा दिला की ते आपलं वर जातं, आणि टोकाला लिमिट स्विच त्याला थांबवतो. विंचला लिमिट स्विच नसतो. रोप संपलं, हुक आला, मध्ये बोट आलं, तिला काही कळत नाही. त्यानं डबीतल्या सर्किटच्या पाटीवरचं, रिमोट जोडायचं ‘लर्निंग’ बटण दाखवलं. ते एकदा दाबून रिमोट जोडला तर एक पद्धत, दोनदा दाबून जोडला तर दुसरी. किती वेळा दाबलं की कुठली पद्धत, हे प्रत्येक पाटीच्या कागदावर छापलेलं असतं. म्हणजे दुकानातल्या पोरानं तो कागद वाचला असता, तर हाच भिकार रिसीव्हरसुद्धा दाबून धरण्याच्या पद्धतीवर चालला असता. या विचारानं मला अजूनही झोप येत नाही.

यातलं मर्म त्या शटरवाल्यानंच सांगितलं. विंच चालत राहण्यासाठी इशारा पोचत राहिला पाहिजे. तो तुटला, रिमोट चिखलात पडला, त्याची बॅटरी संपली, माणूस घसरून पडला, की विंच आपोआप थांबते. माझ्या गाडीत उलटं केलं होतं. थांबवण्यासाठी इशारा पोचणं गरजेचं होतं, आणि तो नेमका तेव्हाच पोचत नव्हता. विंचची मोटर फिरते तेव्हा तिच्या कार्बन ब्रशवर ठिणग्या उडतात, त्यातून रेडिओची खरखर निघते आणि स्वस्त रिसीव्हर बहिरा होतो. त्यात अँटेनाची वायर फिटरनं ‘लोंबतेय’ म्हणून कापून बॅटरीच्या ट्रेखाली बांधून टाकली होती. हे रिमोट बहुधा 433 मेगाहर्ट्झवर चालतात, त्यांची अँटेना साधारण 17 सेंटिमीटर लांब लागते. ती कापायची नाही, गुंडाळायची नाही, पत्र्याला चिकटवायची नाही.

म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच एक चाचणी करा. विंचचा क्लच फ्री-स्पूलवर टाका, म्हणजे मोटर फिरेल पण ड्रम फिरणार नाही. बटण दाबून धरा आणि मोटर चालू असतानाच गाडीपासून लांब चालत जा. पल्ला संपला की मोटर बंद पडलीच पाहिजे. मग जवळ येऊन बटण दाबून धरलेलं असताना दुसऱ्याला रिमोटची बॅटरी काढायला सांगा. तरीही बंद. इन आणि आउट, दोन्ही बाजूंनी. ‘‘वेळ नाही साहेब’’ म्हणाले तर आपल्यालाही नाही.

विंचचा पुरवठा तोडणारा कट-ऑफ स्विचही मी दुकानात मागितला होता. ‘‘गरज नाही, टर्मिनल आहे की.’’ साडेनऊ हजार पौंडी, म्हणजे सुमारे 4300 किलोची विंच पूर्ण ताणाला 400 अँपिअरच्या आसपास खेचते. इंजिन चालू असताना पाना घेऊन टर्मिनल सोडवणं हा त्यावरचा उपाय होत नाही. रिमोट कितीही चांगला असला तरी सोलेनॉइडचे संपर्क आतून वितळून चिकटू शकतात, विशेषतः बॅटरी उतरलेली असताना. मग बोट उचलून काही उपयोग नाही, वायरलेस आणि वायरचा, दोन्ही रिमोट निकामी. तेव्हा बॅटरीकडून विंचकडे जाणाऱ्या पॉझिटिव्ह केबलवर, बॅटरीच्या जवळ, एवढा करंट सोसेल असा स्विच लावा आणि त्याची मूठ बोनेट न उघडता हाताला लागेल अशी ठेवा. विंच वापरायची नसेल तेव्हा तो बंदच असू द्या. रिसीव्हरचा पुरवठाही या स्विचच्या पुढून घ्या, मध्ये किटवर लिहिलेल्या मापाचा फ्यूज टाकून. माझा रिसीव्हर थेट बॅटरीवर होता, रात्रंदिवस जागा. उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरायची ती वेगळीच, आणि खिशातल्या रिमोटचं बटण चुकून दाबलं गेलं तर पार्किंगमध्येही विंच चालू. रिमोट गळ्यात दोरीनं अडकवा, पँटच्या खिशात नको.

जोडणी साधी असते. रिसीव्हरच्या दोन वायरी सोलेनॉइडच्या दोन छोट्या टर्मिनलवर जातात, एक इनची, एक आउटची. दोन्हींना एकाच वेळी करंट मिळणार नाही अशी सोय रिसीव्हरमध्ये असली पाहिजे. नसेल तर तो घेऊ नका. वायरी पिळून काळी टेप गुंडाळलेली दिसली तर उठवा त्याला. लग दाबून, वर हीट-श्रिंक. डबी उंचावर, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, वायरी खालून बाहेर, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत शिरणार नाही.

आणखी एक. एकाच किटचे रिमोट गटातल्या दोघांकडे असतील तर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून, इथेही क्लच मोकळा ठेवून, एकमेकांचे रिमोट दाबून बघा. जुन्या पद्धतीच्या स्वस्त किटमध्ये कोड ठरलेला असतो, आणि कारखान्यातून दोन डब्या सारख्या निघू शकतात.

बाकीचं सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी पाळत नाही: ताणलेल्या रोपाच्या रेषेत उभं राहायचं नाही, रोप ओलांडायचं नाही, त्यावर जाड घोंगडी टाकायची, सिंथेटिक रोपाचे निदान 8-10 वेढे ड्रमवर ठेवायचे, इंजिन चालू ठेवायचं. गुंडाळताना मात्र रोप धरणाऱ्याच्याच हातात रिमोट द्या. शेवटचा मीटरभर थोडं थोडं बटण दाबून, आणि हुकाला पट्टी बांधून त्या पट्टीनं ओढत आणा. हुकाला बोट लावायचं नाही.

बिलावर किटचं नाव आणि मॉडेल लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं ‘ॲक्सेसरीज’ लिहिलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवताना ‘‘नेमकी कुठली वस्तू’’ या प्रश्नाला उत्तर देताना माझी जी तारांबळ झाली, ती त्या दुकानदारानं पाहायला हवी होती. आणि विंचसोबत आलेला वायरचा मूळ रिमोट गाडीतच राहू द्या. माझा त्यांनी ‘‘आता कशाला लागतोय’’ म्हणून काढून ठेवून घेतला होता. विचारायला गेलं की ‘‘गोदामात बघतो’’ म्हणतात, अजून बघतायत.