मोबाईल नसलेल्या घरातही मूल शिकते

मार्च 2020 मध्ये शाळांना कुलपे लागली आणि शिकवण्याचा सगळा भार मोबाईलवर येऊन पडला. राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा उपक्रम आला, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव, अक्कलकुवा तालुक्यांतल्या कितीतरी पाड्यांवर मात्र रेंजच नव्हती. तेव्हापासून पालकांच्या मनात एक समज घट्ट बसला आहे: ज्याच्या घरी मोबाईल त्याचे मूल शिकले, बाकीच्यांची वर्षे वाया गेली. मुलांच्या आरोग्याच्या बाजूने पाहिले तर हा समज अर्धाच खरा आहे. अतिवृष्टी, आजारपण, उन्हाळ्याची सुटी किंवा ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर यांमुळे आपल्याकडची मुले आजही आठवडेच्या आठवडे शाळेबाहेर असतात. अशा वेळी वाढत्या मुलाला सर्वांत जास्त गरज असते ती त्याच्याशी बोलणाऱ्या माणसांची, उजेडात खेळण्याची, पुरेशा झोपेची आणि वेळेवर जेवणाची. यातल्या एकाही गोष्टीला मोबाईलचा पडदा लागत नाही, आणि शिकण्याचा पाया याच गोष्टींवर उभा राहतो.

आधी डोळ्यांचे पाहू. चीनमधल्या फेइचेंग येथे शाळकरी मुलांची दरवर्षी नेत्रतपासणी होते. 2015 ते 2019 या काळात सहा वर्षांच्या मुलांमध्ये लांबचे धूसर दिसण्याचे, म्हणजे लघुदृष्टीचे, प्रमाण 5.7 टक्क्यांच्या वर गेले नव्हते. घरात कोंडून घालवलेल्या महिन्यांनंतर 2020 मध्ये ते 21.5 टक्के निघाले. त्याच देशातल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज 40 मिनिटे जादा बाहेर नेले, तेव्हा तीन वर्षांत त्यांच्यात नव्याने लघुदृष्टी होणाऱ्यांचे प्रमाण 30.4 टक्के राहिले, तर तसे न नेलेल्या मुलांत ते 39.5 टक्के होते. जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांवरील मुलांना रोज किमान एक तास अंगमेहनतीची हालचाल सुचवते. अंगण आणि शिवार असलेल्या घराला हे फुकट मिळते. मात्र आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात खेळ सकाळी लवकर आणि संध्याकाळीच असू द्या. जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण बरेच आहेत. हा आजार असलेल्या मुलाला खेळताना दमवू नका आणि तहान लागण्याची वाट न पाहता वरचेवर पाणी द्या.

दुसरी गोष्ट बोलण्याची. घरी पावरी, भिली, मावची किंवा अहिराणी बोलणारे मूल पहिलीत गेले की एकदम पुस्तकी मराठीसमोर उभे राहते. ज्याच्याकडे घरच्या भाषेत भरपूर शब्द, गोष्टी आणि प्रश्न आहेत त्याला दुसरी भाषा पेलणे सोपे जाते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवण्याची शिफारस केली आहे. नर्मदा बचाव आंदोलनाच्या नर्मदेकाठच्या जीवनशाळा तर त्याच्या कितीतरी आधीपासून स्थानिक बोलीला वर्गात जागा देत आल्या आहेत. धडगाव भागात कैऱ्या सोलून आमचूर वाळत घालतात तेव्हा ओले किती, वाळून उरले किती, बाजारात भाव काय, हे सगळे गणितच असते. आजीने ते मुलाला मोठ्याने विचारावे, त्याला अंदाज बांधू द्यावा. यावर कोणी म्हणेल, ही तर बालमजुरीची पळवाट झाली. शंका योग्य आहे, म्हणून मर्यादा स्पष्ट हवी: धारदार विळी नाही, जड ओझे नाही, दिवसभर राबवणे नाही, आणि कामासाठी शाळा बुडवणे तर मुळीच नाही.

याहून मोठा आक्षेप असा, की घरी राहून मुलांचे नुकसानच झाले, मग त्यात चांगले काय शोधता? नुकसान झाले, हे नाकारता येणार नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले 2018 मध्ये 27.3 टक्के होती, 2022 मध्ये ती 20.5 टक्के उरली. अक्षरओळख आणि वाचन घरच्या गप्पांतून आपोआप येत नाही. त्यासाठी शिक्षकच लागतो. पण शिकण्याची तयारी असलेले, निरोगी, बोलके मूल शिक्षकाच्या हाती देणे हे घराचे काम आहे. आईबापच शिकलेले नाहीत, ही अडचणही खरी आहे. जिल्ह्यातली साक्षरता 2011 च्या जनगणनेत सुमारे 64 टक्केच होती. तरीही 2020 च्या ‘असर’ पाहणीत पालक फारसे शिकलेले नसलेल्या घरांतल्याही निम्म्याहून अधिक मुलांना अभ्यासात घरातून मदत मिळत होती, आणि तिथे मोठ्या भावंडांचा वाटा मोठा होता. सातवीतली ताई पहिलीतल्या भावाला रोज अर्धा तास वाचून दाखवू शकते. त्यात तिचाही सराव होतो.

हे सारे भरल्या पोटी. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे 2020 मध्ये स्वतः होडी वल्हवत नर्मदेकाठच्या पाड्यांवर पोषण आहार पोहोचवत होत्या, कारण शाळा थांबली तरी वाढ थांबत नाही. म्हणून मूल घरी असताना एवढे सांभाळा. झोपण्या-उठण्याची वेळ शाळेच्या दिवसांसारखीच ठेवा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. जेवणात भाकरीबरोबर डाळ आणि पालेभाजी असू द्या. दोन वर्षांखालच्या बाळाच्या हाती मोबाईल देऊ नका, पाच वर्षांपर्यंत तो दिवसाला तासाभराच्या आत ठेवा. मूल वस्तू डोळ्यांजवळ नेऊन पाहत असेल, सतत डोके दुखते म्हणत असेल, वजन घटत असेल किंवा एकदम गप्प झाले असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आणि शाळा उघडेल त्या पहिल्याच दिवशी त्याला शाळेत पाठवा.