एकाचा अर्ज, साऱ्यांचा पगार

प्रश्न : माझा भाचा कॅलिफोर्नियात एका गोदामात कामाला होता. नोकरी सोडल्यावर बऱ्याच दिवसांनी त्याला घरबसल्या चेक आला. जेवणाची सुट्टी न दिल्याबद्दल आणि बुडालेल्या पगाराबद्दल कुणीतरी सगळ्यांच्या वतीनं दावा केला होता, त्यात तडजोड झाली म्हणे. अकोल्याच्या दालमिलमध्ये किंवा अमरावतीकडच्या जिनिंगमध्ये असं होऊ शकतं का?
– एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : निम्मं होऊ शकतं.

कॅलिफोर्नियात कामाचे पाच तास उलटण्याआधी अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी द्यावी लागते. ती हुकली, तर त्या दिवसाचा एक तासाचा जादा पगार थेट कामगाराला मिळतो. अशा सामूहिक दाव्यात ‘मला वगळा’ असं न कळवणारा सहसा आपोआप धरला जातो आणि न्यायाधीशानं मान्य केल्याशिवाय तडजोड लागू होत नाही. भाच्याचा चेक बहुधा याच वाटेनं आला.

आपला नियम फार वेगळा नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्यात सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, असं स्पष्ट होतं. त्याही आधी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यात दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, या दोन्ही मागण्या होत्या. तुमच्या प्रश्नातलं दुखणं इतकं जुनं आहे.

अडचण पुढे आहे. आपल्याकडे सुट्टी नाकारल्याबद्दल मालकाला दंड होतो, पण तो सरकारजमा होतो. कामगाराच्या हाती काही पडत नाही. म्हणून मागणी पगाराची करावी. जेवणाच्या वेळेतही यंत्रावर उभं राहावं लागलं आणि त्यामुळे दिवसाचे तास मर्यादेबाहेर गेले, तर तो वेळ ओव्हरटाइम ठरतो आणि त्याचा दर दुप्पट असतो. हंगामात रात्रंदिवस चालणाऱ्या जिनात हे अर्धे अर्धे तास जोडले की रक्कम लहान राहत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार एका आस्थापनेतल्या कितीही कामगारांसाठी एकच अर्ज चालतो. तो कामगार करू शकतो, नोंदणीकृत युनियन करू शकते किंवा निरीक्षकही. मुदत तीन वर्षांची आहे, पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहाच महिने मिळत. थकबाकीवर दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. मात्र ज्यांच्यासाठी अर्ज आहे त्यांची नावं त्यात हवीत. हंगाम संपवून मेळघाटात परतलेली बाई यादीतून राहिली, तर तिच्या घरी चेक येणार नाही. तिला शोधून काढणं हे अर्ज करणाऱ्यांचंच काम आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता तडजोड. ‘एवढे घ्या आणि काही बाकी नाही म्हणून सही करा’, असं ठेकेदार सांगतो आणि गरजू माणूस सही करतो. तेवढ्यानं हक्क संपत नाही. देणं असलेल्या रकमेवरचा हक्क सोडून देणारा करार, मालकाची जबाबदारी जिथवर कमी करतो तिथवर रद्दबातल आहे, असं संहिताच म्हणते. खासगीत केलेला समझोता फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. औद्योगिक वादात समेट अधिकाऱ्यापुढे झालेला समझोता मात्र आस्थापनेतल्या सगळ्यांना, उद्या भरती होणाऱ्यांनाही, लागू होतो. सगळ्यांना सोबत घ्यायचं असेल तर वाटाघाटी कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात करा, मुकादमाच्या ओट्यावर नको. जाताना हजेरीपटाचे फोटो, पगाराच्या चिठ्ठ्या, पाळी बदलल्याचे मोबाइलवरचे निरोप, जे असेल ते न्या. ठेकेदार पळून गेला असेल तरी जा. त्यानं पगार दिला नाही तर तो मूळ मालकाला द्यावा लागतो.