घर आपले, दलाल मधला

माणूस दरसाल ज्वारी विकतो, कांदा विकतो. अधूनमधून म्हैसही विकतो. त्या बाजारातले छक्केपंजे त्याला ठाऊक असतात. पण घर जन्मात एखादे वेळी विकायचे. तेही बहुधा अडचणीत. दवाखान्याचे देणे होते. मुलीचे लग्न निघते. नाहीतर मुले पुण्याला नोकरीस लागतात आणि गावचे घर कुलपात पडते. मग आपण दलालाकडे जातो. दलालाने अशी कितीतरी घरे विकलेली असतात. म्हणजे एक बाजू जाणती, आणि दुसरी बाजू नवखी. म्हणून हा धडा नीट वाचा.

दलाल म्हणजे वाईट माणूस, असे आम्ही म्हणत नाही. चांगला दलाल फार उपयोगी पडतो. पण त्याच्याकडून कोणते काम घ्यायचे आणि कोणते त्याच्या हाती द्यायचे नाही, हे आपल्याला कळले पाहिजे.

दलालाचे काम कोणते?

चांगला दलाल चार कामे करतो. आसपास घरे काय भावाने गेली ते सांगतो. गिऱ्हाईक शोधून आणतो. घर दाखवतो. दोघांची बोलणी जुळवतो. या कामाबद्दल त्याला दलाली मिळते.

कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात नेला म्हणजे अडत्या तो विकून देतो आणि पट्टी देतो. पट्टीवर वजन, भाव आणि खर्च लिहिलेला असतो. घराच्या दलालाकडून अशी पट्टी आपोआप मिळत नाही. ती मागून घ्यावी लागते. भाव किती ठरला, विसार किती आला, दलाली किती, हे सारे कागदावर पाहिजे. दलाल आपल्या वतीने काम करतो. मागितला तेव्हा हिशेब देणे त्याला बांधील आहे. १८७२ सालचा कराराचा कायदा हेच सांगतो.

दलाली किती?

घर विकण्याच्या दलालीचा सरकारी दर नाही. आपल्याकडे बहुधा शेकडा १ ते २ रुपये देण्याची चाल आहे. पुष्कळदा दलाल घेणाऱ्याकडूनही तेवढीच दलाली घेतो. तो दोघांकडून घेणार असेल, तर त्याने तसे आधी सांगावे. आपणही विचारावे.

शेकडा १ चा हिशेब सोपा आहे. रकमेवरची शेवटची दोन शून्ये खोडा.

घराची किंमत १२,००,००० रुपये.
शेकडा १ प्रमाणे दलाली १२,००० रुपये.
शेकडा २ प्रमाणे दलाली २४,००० रुपये.

हा हिशेब दलालासमोर बसून करा. आकडा ऐकून मान डोलावू नका. तो लिहून घ्या.

रुमालाखालचा भाव

जनावरांच्या बाजारातली एक जुनी चाल तुम्ही पाहिली असेल. दलाल हातावर रुमाल टाकतो. खाली बोटे दाबून भाव सांगतो. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. विकणारा काय म्हणतो आणि घेणारा काय म्हणतो, हे एकट्या दलालाला ठाऊक असते. घराचा भाव असा रुमालाखाली ठरू देऊ नये.

समजा, सोलापुरात एका विडी कामगार बाईचे दोन खोल्यांचे घर आहे. तिला ते विकायचे आहे. दलाल येतो आणि गोड बोलतो.

"मावशी, तुमच्या हातात दहा लाख पडतील. तुम्ही मला दलालीचा एक पैसा देऊ नका. वरचं माझं मी बघून घेतो."

मावशीला वाटते, किती भला माणूस! दलालीसुद्धा मागत नाही. पण दलाल तिकडे गिऱ्हाइकाला बारा लाख सांगतो. मधले दोन लाख त्याच्या खिशात जातात.

आता आकडे मांडा. मावशीने उघडपणे शेकडा २ दलाली दिली असती, तर बारा लाखांतून २४,००० रुपये गेले असते. तिच्या हाती ११,७६,००० रुपये आले असते. मिळाले १०,००,०००. म्हणजे ती १,७६,००० रुपयांना बुडाली. विड्या वळून एवढे पैसे शिल्लक टाकायला किती वर्षे लागतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मालकाला अंधारात ठेवून दलालाने त्याच्याच व्यवहारात फायदा काढला, तर तो फायदा मालकाला मागता येतो. कायदा तसा आहे. पण ते कोर्टात शाबीत करावे लागते. त्यात वर्षे जातात. त्यापेक्षा मावशीने पहिल्याच दिवशी म्हणावे:

"भाऊ, तुझी दलाली काय ती उघड सांग. ती मी देईन. पण भाव मी गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकणार."

एवढे एक वाक्य पुष्कळ आहे. सरळ दलाल याला हरकत घेत नाही. जो हरकत घेतो, त्याच्याकडे जाऊ नका.

भाव कसा काढावा?

एकाच दलालाच्या सांगण्यावर राहू नका. दोघा-तिघांना विचारा. शेजारी कोणी नुकते घर विकले असेल तर त्यालाही विचारा. सरकार दरवर्षी जागांच्या दराचा तक्ता ठरवते. लोक त्याला रेडी रेकनर म्हणतात. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तो दर कळतो. तो मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. बाजाराचा भाव त्याहून कमी-जास्त असू शकतो. पण आपण अगदी मातीमोलाने तर विकत नाही ना, हे त्यावरून कळते.

दलाल येण्यापूर्वी घराचे कागद पाहा

गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. ती घरपट्टीची नोंद आहे. तेवढ्याने मालकी पक्की ठरत नाही. २०२० सालापासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली आणि मिळकत पत्रिका देण्यात येऊ लागल्या. तुमच्या गावाची झाली असेल तर ती काढून घ्या. सोलापूर शहरातल्या घराचे मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयात मिळते.

उताऱ्यावर अजून मयत वडिलांचेच नाव असेल, तर आधी वारसांची नोंद करा. आणि बहिणींना विसरू नका. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला. काही दलाल म्हणतात, "बहिणींच्या सह्यांचं नंतर बघू हो." तसे करू नका. उद्या बहीण कोर्टात गेली, तर दलाल तेथे नसतो. भाऊ-बहीण मात्र समोरासमोर उभे राहतात.

मूळ कागद दलालाच्या ताब्यात देऊ नका. झेरॉक्स द्या. मूळ कागद घेणाऱ्याच्या वकिलाला पाहायचे असतील, तर स्वतः घेऊन जा आणि परत घेऊन या.

सही करण्यापूर्वी

पूर्वी आपल्याकडे अंगठा पुढे करीत आणि दलाल तो दाबून घेई. आता तुम्ही वाचायला शिकला आहात. त्या शिक्षणाचा खरा उपयोग येथे आहे. प्रत्येक कागदाचे नाव आधी वाचा.

विसार पावती: घेणाऱ्याने थोडी रक्कम आगाऊ दिली, त्याची ही पावती. तीवर एकूण किंमत, आलेली रक्कम, बाकी रक्कम आणि मुदत लिहिलेली हवी. विसार दलालाने आपल्याजवळ ठेवू नये. तो मालकाचा आहे.

साठेखत: पुढे घर विकू, असा हा करार. नुसत्या साठेखताने घर घेणाऱ्याचे होत नाही. पण आपण शब्दाने बांधले जातो. म्हणून प्रत्येक कलम वाचून घ्या.

मुखत्यारपत्र: हा कागद फार जपून पाहा. दलाल म्हणतो, "मालक, तुम्हाला सोलापूरला हेलपाटे नकोत. मला मुखत्यारपत्र द्या, मी सगळं करून टाकतो." मुखत्यारपत्र देणे म्हणजे आपली सही त्याच्या हातात देणे. घर दाखवायला दलालाला मुखत्यारपत्र लागत नाही. ते देऊ नका. हेलपाटे पडले तरी चालतील.

खरेदीखत: खरी विक्री याच कागदाने होते. शंभर रुपये किंवा जास्त किमतीच्या घराचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदावेच लागते. १९०८ सालचा नोंदणी कायदा तसे सांगतो. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारला, एवढ्याने घर विकले जात नाही. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असे सुप्रीम कोर्टानेही २०११ साली स्पष्ट सांगितले आहे.

कोऱ्या कागदावर सही नाही, आणि अंगठाही नाही. मग तो दलाल सख्खा पाहुणा का असेना!

पैसे कसे घ्यावेत?

पैसे घेणाऱ्याकडून थेट आपल्या बँकेच्या खात्यात यावेत. दलालाच्या खात्यातून वळसा नको. घराच्या विक्रीत २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोख घेण्यास आयकराच्या कायद्याने २०१५ पासून मनाई आहे. काहींना त्यात सूट आहे. पण बँकेतून घेतलेले पैसे पासबुकावर दिसतात, हा आपलाच फायदा आहे.

चेक हाती आला म्हणजे पैसे आले, असे समजू नका. चेक परतही येतो. पैसे खात्यात जमा झाले का, हे बँकेत पाहून मग खरेदीखतावर सही करा. ठरलेली पूर्ण किंमतच खतात लिहा. "खतात कमी दाखवू, बाकी हातात देऊ," असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. हातातले पैसे आले नाहीत, तर कोणत्या कागदाने मागणार?

दलाली केव्हा द्यावी?

वेगळे ठरले नसेल, तर काम पुरे झाल्यावरच दलाली मागता येते, असा कायद्याचा नियम आहे. म्हणून आधीच लिहून ठेवा: खरेदीखत नोंदले आणि सारे पैसे मिळाले, त्याच दिवशी दलाली. ती बँकेतून द्या आणि पावती घ्या. दलालाने या कामात लबाडी केली असेल, तर त्या कामाची दलाली मागण्याचा त्याचा हक्क जातो.

आता दुसरी बाजू. दलालाने गिऱ्हाईक आणले आणि आपण त्याला टाळून परस्पर व्यवहार केला, तर तीही लबाडीच. त्याचे पाय झिजले आहेत. त्याची दलाली बुडवू नये. तसेच घरात काही दोष असेल किंवा बँकेचा बोजा असेल, तर तो दलालापासून आणि गिऱ्हाइकापासून लपवू नये.

नोंदणीचे दलाल

२०१७ सालापासून महारेरा ही सरकारी संस्था काम करते. तिच्याकडे नोंदलेल्या नव्या वसाहतीतील प्लॉट किंवा फ्लॅट विकणाऱ्या दलालाला तिच्याकडे नोंदणी करावी लागते. तेथे त्याचा नोंदणी क्रमांक मागा. पण गावातले जुने घर विकून देणाऱ्या दलालाला हा नियम लागत नाही. म्हणून तेथे आपली सावधगिरी हाच आपला आधार.

अडचण आली तर

फसवणूक झाली तर गप्प बसू नका. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. सोलापूरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तेथे फुकट वकील मिळतो. यासाठी उत्पन्न विचारात घेत नाहीत. इतर गरिबांनाही उत्पन्न पाहून मदत मिळते. सही करण्यापूर्वी सल्ला विचारायलाही तेथे जावे.

दलालाशी करायची चिठ्ठी

ही चिठ्ठी वहीत उतरवून घ्या. दोन प्रती करा. दोघांनी दोन्हींवर सही करावी.

"माझे घर नं. ____, गाव ____, हे विकण्यासाठी गिऱ्हाईक आणण्याचे काम श्री. ____ यांना दिले आहे. कमीत कमी किंमत रु. ____. दलाली शेकडा ____. खरेदीखत नोंदून पूर्ण पैसे मिळाल्यावर दलाली देईन. भाव गिऱ्हाइकासमोर ठरेल. विसार घेण्याचा किंवा सही करण्याचा अधिकार दलालास नाही. ही चिठ्ठी तीन महिने चालेल. तारीख ____."

प्रश्न

१. घराची किंमत ९,००,००० रुपये आहे. शेकडा १ प्रमाणे दलाली किती? शेकडा २ प्रमाणे किती?
२. "वरचं माझं मी बघून घेतो," असे दलाल म्हणाला, तर तुम्ही काय उत्तर द्याल?
३. विसार पावतीवर कोणत्या चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात?
४. आपल्या घराचा उतारा आणा. त्यावर कोणाचे नाव आहे, ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवा.